कियांती क्लासिको: नुसती सांजोवेझे की मिश्रण? आणि कोणत्या जेवणाला कोणती?

मृण्मयी_बाझेल

मंडळी, पुढच्या महिन्यात घरी आठ जणांना टस्कन, म्हणजे इटलीतल्या टस्कनी प्रांताचं, जेवण जेवायला बोलावलंय. बेत असा: आधी पाप्पा अल पोमोदोरो (टोमॅटो-पावाचं सूप), मग रिबोलिता (राजमे-कोबीचं सूप), त्यानंतर मांसाहाऱ्यांसाठी पेपोझो (वाइनमध्ये शिजवलेलं मिरीदार बीफ) आणि शेवटी पेकोरिनो चीज. चार जण शाकाहारी आहेत. लाल वाइन कियांती क्लासिकोच द्यायची, एवढं ठरलंय.

दुकानात मात्र गोंधळ उडाला. एकाच फळीवर तीन बाटल्या, तिन्हींच्या गळ्याशी काळा कोंबडा. पहिलीत शंभर टक्के सांजोवेझे हे लाल द्राक्ष. दुसरीत सांजोवेझेबरोबर कानायोलो आणि कोलोरिनो. तिसरीत सांजोवेझे आणि मर्लो. नाव एक आणि आत तीन वेगळ्या वाइन!

माझं मत सांगते. कियांती ही मुळात मिश्रणाची वाइन आहे आणि जेवणाच्या ताटाशेजारी ती मिश्रणातच खुलते. नुसती सांजोवेझे मला फार ताठ वाटते. पण हे सगळं माझ्या जिभेचं मत झालं. यामागचा इतिहास, द्राक्षं, नियम जाणणाऱ्यांनी जरा सविस्तर लिहा. आणि माझ्या बेताला काय योग्य, तेही सांगा.

अवलिया७

वाचतोय. कियांती म्हणजे ती गवतात गुंडाळलेली पोटफुगी बाटली ना?

शशांक_सिएना

अवलिया, ती बाटली म्हणजे फियास्को. पूर्वी कियांती त्यातच यायची. आता चांगले उत्पादक सरळ खांद्याची बोर्दो पद्धतीची बाटली वापरतात, फियास्को क्वचितच दिसते.

मृण्मयीताई, आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण इथे राहूनही लोक यात फसतात. ‘कियांती’ आणि ‘कियांती क्लासिको’ या दोन वेगळ्या वाइन आहेत, दोघींचे नियम वेगळे. क्लासिको फक्त फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यामधल्या डोंगराळ पट्ट्यातली: ग्रेव्हे, पान्झानो, राद्दा, गायोले, कास्तेल्लिना ही तिथली गावं. दोन्ही शहरांना जोडणारा कियांतिजाना नावाचा रस्ता याच पट्ट्यातून जातो. नुसती ‘कियांती’ त्याच्या भोवतालच्या कितीतरी मोठ्या प्रदेशात होते. रूफिना, कोल्ली सेनेसी वगैरे तिचे सात उपविभाग आहेत.

क्लासिकोत सांजोवेझे किमान ८० टक्के हवीच. उरलेल्या २० टक्क्यांत परवानगी असलेली लाल द्राक्षं: कानायोलो, कोलोरिनोसारखी देशी किंवा कॅबर्ने, मर्लोसारखी फ्रेंच. शंभर टक्के सांजोवेझेही चालते. त्यामुळे तुमच्या तिन्ही बाटल्या कायदेशीर आहेत. काळा कोंबडा प्रदेशाची खूण आहे, मिश्रणाची नाही.

मिश्रणाइतकाच फरक उंची आणि मातीने पडतो. गालेस्त्रो नावाची खवल्याखवल्यांची, हाताने कुस्करता येणारी माती आणि अल्बेरेझे हा कठीण चुनखडक, या दोन्हींवरच्या बागा मी पाहिल्या आहेत. राद्दाच्या उंच बागांतली वाइन सडपातळ आणि आंबट, तर दक्षिणेला कास्तेलनुओव्हो बेरारदेंगाकडची जास्त भरदार. मिश्रणाकडे बघण्याआधी गावाचं नाव बघा, असं मी म्हणेन.

वैदेही_

पूर्वी कियांतीत पांढरी द्राक्षंसुद्धा घालायचे, हे खरं का? लाल वाइनमध्ये पांढरी द्राक्षं कशाला?

इतिहासवेडा

वैदेही, खरं आहे, आणि हा या वाइनच्या इतिहासातला सगळ्यात रंगतदार भाग आहे. जरा पसरट लिहितो.

१७१६ मध्ये टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो द मेदिची याने फर्मान काढून चार वाइन-प्रदेशांच्या हद्दी आखून दिल्या: कियांती, पोमिनो, कार्मिन्यानो आणि वरचं वाल्दार्नो. कायद्याने हद्द आखलेल्या वाइन-प्रदेशांचं जगातलं हे फार जुनं उदाहरण. त्यात द्राक्षांची नावं नव्हती, फक्त जमीन होती.

द्राक्षांचं सूत्र आलं बेत्तीनो रिकासोलीकडून. हा माणूस कोण? गायोलेजवळच्या ब्रोलियो किल्ल्याचा बॅरन, आणि काव्हूरनंतर एकीकृत इटलीचा दुसरा पंतप्रधान. राजकारणात ‘लोखंडी बॅरन’ म्हणून ओळखला जाई. त्याने कित्येक वर्षं स्वतःच्या बागांत प्रयोग केले आणि १८७२ मध्ये पिसा विद्यापीठातल्या प्राध्यापक स्तुदियाती यांना पत्र लिहून निष्कर्ष कळवला. त्याचा आशय असा: सांजोवेझे (तो तिला सांजोवेतो म्हणतो) सुगंध आणि जोम देते. कानायोलो तिचा करकरीतपणा मऊ करते आणि सुगंधाला बाधा आणत नाही. मालवाझिया हे पांढरं द्राक्ष वाइन हलकी करतं, रोजच्या जेवणाला लवकर प्यायजोगी करतं. पण जी वाइन मुरवायची आहे तिच्यात मालवाझिया टाळलेलं बरं.

हे शेवटचं वाक्य पुढच्या पिढ्यांनी सोडून दिलं! १९६७ मध्ये कियांतीला नियमबद्ध नाव मिळालं तेव्हा १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षं सक्तीची झाली, मुरवायच्या वाइनलासुद्धा. त्यातही नाजूक मालवाझियाऐवजी भरपूर पीक देणारी त्रेब्बियानो वाढली. १९३२ मध्ये कियांतीची हद्द आधीच खूप फुगवलेली होती. परिणाम काय होणार? फिकट, पातळ, आंबट वाइन आणि वर सुंदर गवताची बाटली.

१९८४ मध्ये वरचा दर्जा मिळाला आणि पांढऱ्यांचं प्रमाण खूप घटलं. १९९६ मध्ये क्लासिकोला स्वतःचे स्वतंत्र नियम मिळाले, आणि शंभर टक्के सांजोवेझेची मुभाही त्याच सुमारास आली. २००६ च्या पिकापासून क्लासिकोत पांढऱ्या द्राक्षांना पूर्ण बंदी आहे. नुसत्या कियांतीत अजूनही थोडी चालतात.

म्हणून मृण्मयीताईंचं म्हणणं रिकासोलीच्याच वळणाचं आहे, पण त्याने मिश्रण दोन तऱ्हांचं सांगितलं होतं: रोजचं वेगळं, मुरवायचं वेगळं.

निफाडकर

धागा आवडला. मी वाइन पीत नाही, पण घरी तीन पिढ्यांची द्राक्षबाग आहे. थॉमसन, थोडी शरद. त्यामुळे मला बागेतलं कळतं.

शशांक, तिकडे छाटणी कशी करतात? आमच्याकडे दोन: एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. माल फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. वेल कधी पूर्ण झोपतच नाही.

शशांक_सिएना

निफाडकर काका, इथे एकच छाटणी, कडक थंडीत. वेल नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत झोपलेली असते, नुसत्या काड्या दिसतात. एप्रिलमध्ये फुटवे येतात आणि तेव्हाच हिम पडून गारठ्याने कोंब जळायची भीती. काढणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. उन्हाळ्यात काही बागांत हिरवे घड कापून जमिनीवर टाकतात, म्हणजे उरलेल्यांत रस दाटतो.

सांजोवेझे उशिरा पिकणारी आणि साल पातळ. ऑक्टोबरात पाऊस लागला की कूज धरते. मिश्रणाचं मूळ मला तरी इथेच दिसतं. एखाद्या वर्षी सांजोवेझे अर्धवट पिकली तर आधी पिकलेली दुसरी जात आधार देते. त्या काळी शेतकरी एकाच बागेत चार जाती लावायचा आणि एकत्रच खुडायचा.

निफाडकर

हे लगेच पटलं. काढणीच्या तोंडावर पाऊस आला की मणी तडकतात, मग सगळं वर्ष गेलं. ज्या शेतकऱ्याने ते पाहिलंय तो एका जातीवर सगळा डाव लावणार नाही.

रेवा_वांद्रे

मी या चर्चेत विरुद्ध बाजूने बोलते, आणि मनापासून बोलते. वाइनचं रीतसर शिक्षण घेतलंय, रोज लोकांना चाखवते.

सांजोवेझेला ‘आधार’ लागतो हा समज वाईट सांजोवेझेच्या काळातला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर टस्कनीत जे वेल लावले गेले ते भरघोस पीक देणारे होते, दर्जा बघून लावलेले नव्हते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस क्लासिकोच्या उत्पादक संघाने वेलींच्या निवडीवर मोठा संशोधन प्रकल्प हाती घेतला. लहान घड, लहान मणी, जाड सालीचे वेल निवडले आणि पुढच्या वर्षांत बागा नव्याने लावल्या गेल्या. आज जी शंभर टक्के सांजोवेझे मिळते ती त्या बागांची आहे. तिच्यात आंबट चेरी, सुकलेली जांभळी फुलं, चहाची पत्ती, ओल्या मातीचा वास, सगळं स्वच्छ कळतं. मर्लो घातली की गोडसर गराचा जाड थर या सगळ्यावर बसतो. मग ती वाइन टस्कनीची की आणखी कुठली हे ओळखू येत नाही.

राद्दाच्या मोंतेव्हेर्तिनेची ‘ले पेर्गोले तोर्ते’ बघा. १९७७ चं पहिलं पीक, नुसती सांजोवेझे. त्या काळच्या कायद्यात बसेना, म्हणून सेर्जियो मानेत्ती यांनी कियांती क्लासिको हे नावच सोडून दिलं. इतकी खात्री होती त्यांना त्या एका द्राक्षाची.

मृण्मयी_बाझेल

रेवा, मर्लोबद्दल तुझं पटतं. पण कानायोलोचं काय? मोंतेव्हेर्तिनेचीच दुसरी वाइन, जिच्यावर फक्त घराण्याचं नाव असतं, ती सांजोवेझे, कानायोलो आणि कोलोरिनोची आहे ना? म्हणजे त्यांनीही मिश्रण टाकून दिलं नाही.

रेवा_वांद्रे

बरोबर, आहे. आणि ती वाइन मला फार प्रिय आहे. कानायोलोवर माझा आक्षेप नाही. ती मऊ करते पण स्वतः पुढे येत नाही. कोलोरिनो जाड सालीची, गडद रंगाची, तीही चिमूटभरच घालतात. माझा आक्षेप फ्रेंच द्राक्षांवर आहे.

पराग_न्यूजर्सी

मग तिन्यानेल्लोचं काय करायचं? अख्ख्या टस्कनीची पत ज्या बाटलीने परत आणली तीत कॅबर्ने आहे!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अंतिनोरी घराण्याची वाइन, १९७१ पासून, वाइनतज्ज्ञ जाकोमो ताकिस. लहान फ्रेंच ओक पिंपांत मुरवली. पांढरी द्राक्षं काढून टाकली आणि १९७५ पासून कॅबर्ने सोव्हिन्यों घातली. बाग कियांती क्लासिकोच्या ऐन मधोमध, पण कायदा मोडला म्हणून लेबलवर ‘टेबल वाइन’ लिहायची वेळ आली. जगभर लोकांनी ती कियांतीपेक्षा कितीतरी जास्त किमतीला घेतली. शेवटी १९९२ मध्ये इटलीने कायदा बदलून अशा वाइनसाठी प्रादेशिक दर्जा काढला. आज तिन्यानेल्लोत साधारण ८० टक्के सांजोवेझे असते, बाकी दोन प्रकारची कॅबर्ने.

इतिहासवेडा

पराग, भर घालतो. कॅबर्ने टस्कनीत परकी आहे हे म्हणणंही पूर्ण खरं नाही. फ्लॉरेन्सच्या पश्चिमेला कार्मिन्यानो आहे, वर १७१६ च्या फर्मानात आलेलं तेच. तिथे सांजोवेझेत कॅबर्ने मिसळण्याची जुनी परंपरा आहे. तिथले शेतकरी तिला ‘फ्रेंच द्राक्ष’ म्हणत आणि ती मेदिची घराण्याने आणली असं सांगत. १९७५ मध्ये कार्मिन्यानोला स्वतःचं नाव मिळालं ते कॅबर्नेसकट. म्हणजे ज्या वर्षी टेबल वाइन ठरलेल्या तिन्यानेल्लोत कॅबर्ने आली, त्याच वर्षी काही कोसांवर तेच मिश्रण कायद्याने मान्य झालं.

रेवा_वांद्रे

कार्मिन्यानोचा मुद्दा मान्य. तिथे ती परंपरा आहे, आणि त्या वाइनला स्वतःचा चेहरा आहे. पण कियांती क्लासिकोचा चेहरा वेगळा. उत्पादकांनाही ते पटलंय. सगळ्यात वरची ग्रान सेलेत्सिओने ही श्रेणी आहे ना, तिच्यासाठी त्यांनी २०२१ मध्ये ठरवलं की सांजोवेझे किमान ९० टक्के आणि उरलेल्यात फक्त देशी जाती. लेबलवर गावाचा विभाग लिहायची सोयही तेव्हाच ठरली, असे अकरा विभाग.

अवलिया७

म्हणजे मृण्मयीताई आणि रेवा दोघी जिंकल्या. मर्लो हरली.

शशांक_सिएना

अवलिया, मर्लो घालणाऱ्यांचंही ऐकून घ्या. मी ओळखतो असे एक आजोबा तीस वर्षं पाच टक्के मर्लो घालतात, कारण त्यांची बाग उंचावर आणि उत्तरेच्या उताराला आहे. थंड वर्षी सांजोवेझे तिथे पिकायची नाही. आता हवा गरम होत चालली आहे, तर तेच आजोबा म्हणतात की मुलगा मर्लो उपटून टाकील आणि ते बरोबरच करील.

सुप्रिया_सोलापूर

आमच्या जिल्ह्याचं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून लिहिते. अकलूज! फ्राटेली वाइन्सच्या बागा माळशिरस तालुक्यात आहेत. मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा तीन कुटुंबांनी मिळून सुरू केलेला उद्योग, आणि वाइन घडवायला टस्कनीचे पिएरो मासी. त्यांनी अकलूजच्या मातीत सांजोवेझे लावली. त्यांची ‘सेत्ते’ ही सांजोवेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों यांची वाइन. म्हणजे परागने सांगितलेली तिन्यानेल्लोची जोडी आपल्या सोलापूर जिल्ह्यात पिकते. मला याचा फार अभिमान वाटतो.

निफाडकर

सुप्रियाताई, अकलूजच्या उन्हात पातळ सालीचं द्राक्ष? कठीण काम आहे. तिथे पाऊस कमी, ही जमेची बाजू. कूज धरणार नाही.

रेवा_वांद्रे

काका, नेमकं तेच. गोडी छाटणी पावसाळा संपताना घेतात, त्यामुळे मणी भरतात आणि पिकतात ते हिवाळ्यात, गार रात्रींत. टस्कनीचा उन्हाळा टाळून आपला हिवाळा वापरला. चव मात्र कियांतीसारखी धारदार आंबट नाही, फळ जास्त पिकलेलं लागतं. ती कियांतीची नक्कल समजून पिऊ नये, अकलूजची म्हणूनच प्यावी. भारतात आयात वाइनवर जबर शुल्क बसतं, त्यामुळे सांजोवेझेची ओळख करून घ्यायला ती उत्तम सुरुवात आहे.

वैदेही_

कोंबड्याची गोष्ट कुणी सांगेल का?

इतिहासवेडा

आनंदाने. मध्ययुगात फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यात सीमेवरून सतत लढाया. शेवटी ठरलं की पहाटे कोंबडा आरवला की दोन्ही शहरांतून एकेक घोडेस्वार निघेल, आणि ते भेटतील तिथे सीमा. सिएनाने पांढरा कोंबडा निवडला, त्याला भरपूर खाऊ घातलं. फ्लॉरेन्सने काळा निवडून उपाशी ठेवला. तो भुकेने पहाटेच्या कितीतरी आधीच आरवला. फ्लॉरेन्सचा स्वार एवढा पुढे पोचला की भेट झाली सिएनापासून बाराएक किलोमीटरवर, फोंतेरूतोलीला. जवळजवळ सगळा कियांती फ्लॉरेन्सला मिळाला.

ही दंतकथा. खरी नोंद अशी की काळा कोंबडा कियांतीच्या मध्ययुगीन संघाचं चिन्ह होतं. फ्लॉरेन्सच्या पालाझ्झो वेक्कियोमध्ये पाचशेंच्या दालनाच्या छतावर चित्रकार वझारीने तो रंगवलेला आहे. १९२४ मध्ये राद्दा इथे ३३ उत्पादकांनी संघ स्थापला आणि हेच चिन्ह घेतलं.

शशांक_सिएना

सिएनाकर आजही ही गोष्ट ऐकताना हसत नाहीत.

सुगरण_मीनल

इतकं वाचलं, पण जेवणाबद्दल कुणी बोलेना! मी फ्लॉरेन्सजवळ प्रातोला सात वर्षं राहते, बाजारातून भाजी आणून रोज हेच शिजवते. मृण्मयी, तुझा बेत उत्तम आहे, त्यावर पदार्थागणिक लिहिते.

पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे शिळा पाव, टोमॅटो, लसूण, तुळशीच्या कुळातली बॅसिलची पानं आणि भरपूर ऑलिव्ह तेल. आपल्या फोडणीच्या पोळीची सख्खी बहीण. टोमॅटो आंबट, आणि आंबट पदार्थाशेजारी कमी आंबट वाइन मिळमिळीत लागते. सांजोवेझेचा आंबटपणा टोमॅटोला पुरून उरतो, म्हणून ही जोडी जमते. इथे मर्लोवाली नको.

रिबोलितात काळसर कोबीची पानं, पांढरे कान्नेल्लिनी राजमे, गाजर, सेलरी, पाव. आदल्या दिवशी करून दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळायची. चव मातकट, गोडसर. वरून कच्चं तेल सोडायचं, कंजुषी नको, कारण वाइनमधलं टॅनिन, म्हणजे जिभेला कोरडं करणारा तुरटपणा, तेलाने मवाळ होतो. कानायोलोवाली बाटली इथे देखणी लागेल.

टस्कन पावात मीठ नसतं हे लक्षात ठेव. बाहेरचा खारट पाव घातलास तर मीठ बेतानेच घाल. पेकोरिनो खारट, आणि मीठही तुरटपणा कमी करतं, म्हणून शेवटी चीजबरोबर वाइन एकदम गोड वाटायला लागते. तेव्हा जुन्या, मुरलेल्या बाटलीचं नीट कळतं.

पेपोझोबद्दल वेगळं लिहीन.

गौरी_ठाणे

शाकाहारी पाहुण्यांबद्दल एक सांगू का? पारंपरिक पेकोरिनो आणि पार्मेजानो दोन्हींत सहसा वासराच्या किंवा कोकराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विरजण, असतं. काही लोकांना ते चालत नाही. वनस्पतिजन्य रेनेटचं चीज मिळतं, पाकिटावर लिहिलेलं असतं. वाइनसुद्धा काही वेळा अंड्याच्या पांढऱ्याने किंवा जिलेटिनने निवळवलेली असते. व्हेगन असं लिहिलेली बाटली घेतली की प्रश्नच नको. आम्हाला एकदा पाहुण्यांना हे आधी सांगता आलं नाही याचं अजून वाईट वाटतं.

मृण्मयी_बाझेल

गौरी, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. एक पाहुणे अंडंही खात नाहीत. दोन्ही तपासून घेते. मनापासून आभार.

कोल्हापुरी_ठसका

तांबड्या रश्शाबरोबर कियांती कशी लागेल?

सुगरण_मीनल

जळजळीत लागेल. तिखटाने अल्कोहोलचा चटका वाढतो आणि तुरटपणा कडवट होतो. रस्सा आणि वाइन दोघांचंही नुकसान.

रेवा_वांद्रे

मीनलताईंशी सहमत. मराठी जेवणात जिथे तिखट कमी आणि खोबरं, तीळ, शेंगदाण्याचं कूट जास्त, तिथे थोडं जमतं. भरल्या वांग्यात तिखट निम्मं केलं तर साधी, पिंपात फार न मुरवलेली सांजोवेझे छान लागते. चिंच-गुळाच्या आमटीला मात्र मी वाइन देतच नाही.

पराग_न्यूजर्सी

तापमान विसरू नका. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ म्हणतात ती थंड दगडी घरांची खोली. १६ ते १८ अंश. हीटर लावलेल्या घरात बाटली वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मग उघडा. तरुण कियांती जरा गारच बरी.

शशांक_सिएना

मूळ प्रश्नाकडे येतो. श्रेण्या तीन आहेत. साधी क्लासिको किमान १२ महिने मुरवतात, रिझेर्वा २४ आणि ग्रान सेलेत्सिओने ३०. मृण्मयीताई, ग्रान सेलेत्सिओने घेऊ नका. पाप्पा आणि रिबोलितासारख्या शेतकऱ्याच्या जेवणावर ती भारी पडते, पैसेही वाया.

मी दोन तऱ्हा घेईन. दोन सूपांना सांजोवेझे-कानायोलो-कोलोरिनोची साधी क्लासिको, दोन-तीन वर्षांची. पेपोझो आणि चीजला शंभर टक्के सांजोवेझेची रिझेर्वा, सहा-सात वर्षं जुनी मिळाली तर उत्तम. मोठ्या जुन्या पिंपात मुरवलेली बघा, नव्या छोट्या पिंपांचा व्हॅनिलासारखा वास राजम्याशी भांडतो. दुकानदाराला हे विचारायला संकोच करू नका.

रेवा_वांद्रे

यावर माझी सही. रिझेर्वा तासभर आधी रुंद सुरईत ओतून ठेव.

मृण्मयी_बाझेल

मला एकच वाइन ठेवायची होती, पण हे कारणासकट पटलं. रिकासोलीने रोजचं आणि मुरवायचं वेगळं ठेवलं होतं, तसंच हे. साध्या तीन आणि रिझेर्वाच्या दोन बाटल्या आणते.

निफाडकर

एक राहिलं. रिकासोलीला कानायोलो इतकी आवडायची तर आज ती कमी का?

शशांक_सिएना

काका, फिलॉक्सेरामुळे. मुळं खाणाऱ्या त्या किडीने युरोपच्या बागा संपवल्या, मग सगळ्या जाती अमेरिकन खुंटावर कलम करून लावाव्या लागल्या. सांजोवेझेचं कलम नीट धरलं, कानायोलोचं धरेना. शेतकऱ्यांनी हळूहळू सोडून दिली.

निफाडकर

आम्ही डॉगरिजच्या खुंटावर कलम करतो, पण ते पाण्याच्या ताणासाठी आणि खारवट जमिनीसाठी. खुंट आणि जात यांचं जमलं नाही की जोडाशी गाठ येते आणि वेल चार-पाच वर्षांत बसते. आता वेगळे खुंट मिळतात. तिकडच्या कुणी कानायोलोसाठी पुन्हा प्रयत्न करावा असं मला मनापासून वाटतं. चांगली जात नुसत्या कलमापायी जाऊ देऊ नये.

शशांक_सिएना

करतायत काका. नव्या लागवडीत कानायोलो परत दिसू लागली आहे. पुढच्या वेळी बागेत गेलो की कोणत्या खुंटावर लावली ते विचारून इथे लिहितो.

सुगरण_मीनल

पेपोझो लिहायचं राहिलं होतं. फ्लॉरेन्सजवळच्या इम्प्रुनेता गावात कौलं भाजणाऱ्या भट्ट्या आहेत. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलवरच्या ब्रुनेल्लेस्कीच्या घुमटासाठी कौलं भाजणारे कामगार भट्टीच्या तोंडाशी मातीच्या भांड्यात हे ठेवून द्यायचे, असं सगळे सांगतात. त्या काळी युरोपात टोमॅटो नव्हता, म्हणून पारंपरिक पेपोझोत तो घालत नाहीत.

चौघांसाठी बीफच्या पायाकडचं, शिरा असलेलं मांस एक किलो, मोठे तुकडे. लसणाचा अख्खा गड्डा, पाकळ्या सोललेल्या. काळी मिरी दीड मोठा चमचा, अर्धी अख्खी, अर्धी भरडलेली. मीठ. सगळं कच्चंच भांड्यात घाल, परतायचं नाही, तेलही नाही. वर साधी कियांती ओत, मांस बुडेल इतकी, जवळजवळ एक बाटली लागते. म्हणजे साध्या तीनऐवजी चार आण. झाकण ठेवून अगदी मंद आचेवर तीन ते चार तास. शेवटच्या अर्ध्या तासात झाकण काढून रस आटव. आदल्या दिवशी केलंस तर चरबी वर गोठते, ती काढून टाकता येते. सोबत भाजलेला पाव आणि उकडलेले पांढरे राजमे, आणि शाकाहाऱ्यांसाठी त्याच राजम्यांत सेजची पानं, लसूण आणि टोमॅटो घालून वेगळं भांडं चढव.